समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र: करण्याची आणि शिकवण्याची रीत

व्यक्तिचित्र शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी डोळ्यांपासून सुरुवात करतो. पापण्या, बुबुळे, भुवया तो इतक्या मन लावून रेखाटतो, की तासाभराने दोन सुंदर डोळे तयार असतात, पण ते ज्या डोक्यात बसवायचे त्या डोक्याचा पत्ता नसतो. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवर गेली अनेक वर्षे हेच पाहत आल्यामुळे माझ्या शिकवण्याचा सगळा भर क्रमावर आहे: आधी डोक्याचा घाट, मग उजेड आणि अगदी शेवटी नाकडोळे.

खोलीला शक्यतो उत्तरेची खिडकी असावी, कारण तिथून येणारा उजेड तीन तासांच्या बैठकीत फारसा बदलत नाही. मात्र पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत या खिडकीला पांढरा सुती पडदा लावावा. फ्लॅटमध्ये अशी खिडकी नसेल, तर सकाळी पश्चिमेची आणि दुपारनंतर पूर्वेची खोली घ्यावी. ट्यूबलाइट आठवणीने बंद करावी, कारण दोन बाजूंनी उजेड आला की नाकाला दोन सावल्या पडतात आणि चेहऱ्याचा घाट सपाट होतो. एकाच उजेडात किती ताकद असते हे पाहायचे असेल, तर सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभे करून केलेले, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात जाऊन पाहावे.

बसणाऱ्या व्यक्तीला हातांची खुर्ची द्यावी, खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि नजर ठेवण्यासाठी समोरच्या भिंतीवर एखादी जागा ठरवून द्यावी. वीस मिनिटे बैठक आणि पाच मिनिटे विश्रांती हे प्रमाण मी कधी मोडत नाही. वयस्कर माणसांशी काम करता करता बोलत राहावे. गप्प बसवलेला चेहरा अर्ध्या तासात उतरतो, आणि आपण ते उतरलेपणच रंगवत बसतो.

सोळा बाय वीस इंचांच्या कॅनव्हासवर कोळशाने फक्त डोक्याचा बाह्याकार, मानेचा कल आणि खांद्यांची रेषा काढावी. हात ताठ ठेवून ब्रशच्या दांडीने मापे घ्यावीत. डोळ्यांची रेषा टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर येते. नवखा ती हटकून वर नेतो आणि कपाळ गमावतो. त्यानंतर डोळे किलकिले करून पाहावे, म्हणजे बारकावे विरून उजेड आणि सावली असे दोनच मोठे भाग उरतात. ते नीट बसले, की नाकडोळे काढण्यापूर्वीच माणूस ओळखू येऊ लागतो.

रंग मोजके घ्यावेत. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू एवढ्यांत आपल्याकडची गव्हाळ आणि सावळी कांती उत्तम साधते. उजेड दाखवायला केवळ पांढरा वाढवला, तर त्वचा खडूसारखी दिसू लागते. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा आणि जवसाच्या तेलाचे प्रमाण वरच्या थरांत वाढवावे. उलट केले, तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे चित्राला तडे जातात. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना तापते आणि उष्णता आत कोंडली तर बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून चिंध्या दोरीवर पसरून वाळवाव्यात.

शिकवणाऱ्यासाठी एक पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: विद्यार्थ्याच्या चित्राला ब्रश लावू नये. सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी पाणी प्यायला गेली असताना मी तिच्या कॅनव्हासवरचे नाक चार फटकाऱ्यांत सुधारले. परत आल्यावर ती काही बोलली नाही, पण ते चित्र तिने पुन्हा हातात घेतले नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते.

गेल्या हिवाळ्यात हिरवे नऊवारी नेसलेल्या एक आजी बसायला आल्या होत्या. त्यांच्या हनुवटीखालची सावली एका मुलाने नुसत्या तपकिरी रंगात भरली होती. मी त्याच्या शेजारी माझे ईझल लावले आणि आजींच्या हनुवटीजवळ कोरा पांढरा कागद धरायला सांगितला. कागदाशेजारी पाहताच लुगड्याचा हिरवा रंग त्या सावलीत उतरलेला त्याला दिसला. मी माझ्या कॅनव्हासवर तेवढीच सावली रंगवून दाखवली आणि त्याने आपल्या पॅलेटवर ऑकर आणि अल्ट्रामरीन घेऊन तो रंग शोधायला सुरुवात केली. तिसऱ्या प्रयत्नात तो साधला, तेव्हा माझा नमुना मी चाकूने खरवडून टाकला. पुढच्या रविवारी मी त्याला बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रे दाखवायला नेले. चित्रांसमोर उभा राहून तो बराच वेळ फक्त हनुवटीखालच्या सावल्याच पाहत होता.