मास्टिक कुकरवरची पहिली दोन वर्षे

रस्तेदुरुस्तीच्या कंत्राटदाराकडे रुजू झालेल्या नव्या मुलाला पहिल्या रात्री सहसा खड्ड्यापाशी उभे करतात आणि त्याच्या हातात टेप देतात. मलाही तसेच उभे केले होते. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला, रात्री अकरानंतर, मी खड्ड्यांची लांबी-रुंदी वहीत उतरवत होतो आणि वीस पावलांवर ट्रकच्या मागे जोडलेले एक लोखंडी पिंप धूर सोडत घरघरत उभे होते. त्याच्याकडे मी नीट पाहिलेही नाही. पुढच्या दोन वर्षांत मी जे काही शिकलो ते बहुतेक त्या पिंपापाशीच शिकलो. म्हणून स्थापत्य पदविका किंवा आयटीआय करून या कामात येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

त्या पिंपाला साइटवर सगळे ‘कुकर’ म्हणतात. चाकांवर बसवलेली, ओढून न्यायची ही एक भट्टीच असते. खाली डिझेलचा बर्नर, वर जाड पत्र्याचे पिंप, त्याभोवती उष्णता धरून ठेवणारे आवरण, आत माल सतत ढवळणारी पाती, ती फिरवायला छोटे डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स, मागच्या बाजूला माल सोडायचे शटर आणि तापमान दाखवणारा काटा. याचाच एक साधा भाऊ म्हणजे हॉटबॉक्स. त्यात माल शिजत नाही. प्लँटवरून आणलेले तयार डांबरमिश्रण फक्त गरम ठेवले जाते. डंपरमध्ये ताडपत्रीखाली आणलेला माल पहिल्या दोन-तीन खड्ड्यांपर्यंत चांगला असतो, पण रात्री तीन वाजता शेवटच्या खड्ड्यापाशी पोहोचेपर्यंत त्याची ढेकळे झालेली असतात. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस आणि दाबताना किमान ९० अंश असावे लागते, आणि एकेक खड्डा भरत जाणाऱ्या कामात हे उघड्या डंपरला जमत नाही. हॉटबॉक्सचा जन्म याच अडचणीतून झाला.

मुंबई-ठाण्याकडे मात्र तुमची गाठ जास्त करून मास्टिकशी पडेल. पावसाळ्यात रोलर फिरवून पक्के करायचे मिश्रण बेभरवशाचे ठरते. मास्टिकला रोलर लागतच नाही. त्यात डांबर आणि चुनखडीची भुकटी इतकी भरपूर असते, की गरम असताना ते घट्ट पिठल्यासारखे वाहते, खड्ड्याच्या कोपऱ्यांत आपणहून बसते आणि थंड झाल्यावर त्यात पाणी शिरायला जागा उरत नाही. जर्मनीत याच कुळातल्या मालाला ‘गुसअस्फाल्ट’, म्हणजे ओतायचे डांबर, म्हणतात. ते नाव मला आपल्या नावापेक्षा जास्त अर्थवाही वाटते.

इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी:१०७ हे मानक मास्टिकसाठीच आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी ते वाचून जावे. मी वाचले नव्हते आणि ते लगेच उघडे पडले. त्यातला मुख्य मुद्दा तापमानाच्या पट्ट्याचा आहे. माल १७० अंशांच्या खाली गेला तर पसरत नाही आणि २१० च्या वर गेला तर डांबर जळू लागते. हा चाळीस अंशांचा पट्टा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सांभाळणे हेच कुकरवरचे काम, आणि कागदावर वाटते तितके ते सोपे नाही.

शिजवण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी भुकटी गरम करायची, मग वेगळे तापवलेले डांबर अर्धे घालून तासभर ढवळायचे, मग बारीक खडी-वाळू आणि उरलेले अर्धे डांबर घालून आणखी तासभर, आणि शेवटी जाड खडी घालून पुन्हा तासभर. म्हणजे तीन तास, तेही माल तापल्यानंतरचे. वाहतूक पोलिसांकडून रस्ता अकरा वाजता मिळणार असेल तर बर्नर संध्याकाळी पाच-सहालाच पेटलेला हवा. नवा अभियंता रस्ता मिळाल्यावर कामाला लागतो. जुना ऑपरेटर दुपारचा चहा संपला की लागतो.

माझी सर्वांत महागडी चूक या वेळेच्या गणिताशीच जोडलेली आहे. आदल्या रात्रीचा काही माल कुकरमध्येच राहून थिजला होता आणि आम्ही उशिरा पोहोचलो होतो. बर्नर पेटवून तासभर झाला होता, काटा १५० च्या पुढे गेला होता आणि घड्याळाकडे बघून मी अस्वस्थ झालो होतो. मी ऑपरेटरला पाती सुरू करायला सांगितले. ते वयाने माझ्या वडिलांएवढे होते. झाकण किंचित वर करून त्यांनी आतल्या मालावर लोखंडी सळई आपटली. ठण्ण असा आवाज आला.

“साहेब, काटा तळाचाय. वरचं अजून दगड आहे. अर्धा तास थांबू.”

मी थांबलो नाही. इंजिनाने जोर लावला, पाती जागची हलली नाही आणि गिअरबॉक्सपासची साखळी तुटून खाली पडली. दुसरी साखळी मिळेपर्यंत पहाट झाली. अकरा माणसे, एक ट्रक, एक रोखलेली मार्गिका आणि एकही खड्डा भरला नाही. ऑपरेटर मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना त्यांनी “साखळी जुनी होती” एवढेच सांगितले. ती जुनी नव्हती हे मला ठाऊक होते, आणि मी ते माझ्या तोंडाने सांगायला आणखी दोन दिवस घेतले.

त्या रात्रीमागचे कारण नीट समजून घ्यावे. डांबर उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. त्यामुळे न ढवळलेल्या पिंपात तळाला १५० अंश आणि वर घट्ट लादी अशी अवस्था सहज असते. थिजलेला माल मंद आचेवर बाजूंनी सुटू द्यायचा, पाती आधी हाताने मागे-पुढे हलते का ते पाहायचे आणि मगच इंजिन जोडायचे. घाईने आच वाढवली तर दुसरेच नुकसान होते: तळाला डांबराचा कोळसा धरतो, तो थर उष्णता अडवतो, मग आणखी आच वाढवावी लागते, आणि काही आठवड्यांत तळाचा पत्रा फुगतो. कुकर रिकामा असेल तेव्हा बॅटरी लावून त्याचा तळ पाहण्याची सवय लावून घ्या. काळे कवच दिसले तर ते खरवडून काढल्याशिवाय पुढचा घाणा चढवू देऊ नका.

तापमान मोजण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण नव्या मुलांना बंदुकीसारखे धरायचे इन्फ्रारेड यंत्र फार आवडते. ते केवळ पृष्ठभागाचे तापमान सांगते, आणि मास्टिकवर वारा लागताच साय धरते. साय १५० दाखवत असताना आतला माल १८५ असू शकतो. त्यामुळे दांड्याचा, मालात बुडवायचा तापमापक स्वतःजवळ असावा; शटरमधून घमेल्यात पडलेल्या पहिल्या मालात तो बुडवावा आणि आकडा वेळेसह नोंदवहीत लिहावा. कुकरवरचा काटा महिन्यातून एकदा याच तापमापकाशी ताडून पाहावा. आमचा एक काटा कित्येक आठवडे बारा अंश कमी दाखवत होता आणि माल का ठिसूळ होतो आहे, याचे कारण आम्ही खडीत शोधत बसलो होतो. धुराकडेही लक्ष ठेवा. थोडा पांढुरका धूर नेहमीचाच असतो. पण निळसर, घशाला झोंबणारा धूर दिसला की आधी बर्नर कमी करावा; धूर का आला हे नंतर शोधता येते.

मालाचा कडकपणा तपासण्याची चाचणीही शिकून घ्यावी. २५ अंशांना ठरावीक वजनाखाली एक पिन मालात किती रुतते, यावर कडकपणा अंक ठरतो. जाड खडी घालण्यापूर्वी तो ६० ते ८० आणि घातल्यानंतर १० ते २० अपेक्षित असतो. अंक जितका लहान, माल तितका कडक. ज्या रात्री रहदारीमुळे माल कुकरमध्ये तासन् तास शिजत राहतो, त्या रात्रीचा नमुना हमखास कमी अंक दाखवतो, कारण तापत राहिलेले डांबर कठीण होत जाते. घोडबंदर रस्त्यावर एकदा अडकलात की हे आपोआप लक्षात राहील.

आता पाण्याबद्दल, आणि ही गोष्ट साखळीसारखी दुरुस्त होणारी नाही. १८० अंशांच्या डांबरात पाणी गेले की त्याची क्षणात वाफ होते आणि तिचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते. डांबर फेसाळून काठावरून बाहेर येते. पाणी कोणी मुद्दाम ओतत नाही. ते ओल्या वाळूतून, भिजलेल्या भुकटीच्या गोणीतून, झाकणावर साचलेल्या सरीतून येते. मे महिन्याच्या शेवटी, अवकाळी सर पडून गेल्यावर, आमच्याकडच्या एका पोराने वरची ओली गोणी तशीच उपडी केली. माल फुगून काठापर्यंत आला आणि ऑपरेटरांनी बर्नर बंद करून सगळ्यांना मागे ओढले म्हणून निभावले. त्या दिवसापासून गोण्या ट्रकच्या हौद्यात, फळ्यांवर, ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत की नाहीत हे मी स्वतः पाहतो.

अंगावरचे कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. पॉलिस्टर कातडीला चिकटते. बूट चामड्याचे आणि पँट बुटाच्या वर, आत खोचलेली नव्हे, नाहीतर उडालेला माल सरळ बुटात जातो. शटर उघडणाऱ्याच्या तोंडावर पारदर्शक ढाल हवीच. भाजलेच तर त्या जागेवर लगेच थंड, वाहते पाणी किमान वीस मिनिटे घालावे आणि चिकटलेले डांबर ओढून काढू नये. त्याबरोबर कातडी येते. ते डॉक्टरांनाच काढू द्यावे. पेटलेल्या डांबरावर मात्र पाणी मारायचे नाही. त्यासाठी कोरड्या पावडरचे अग्निशामक कुकरपासून काही पावलांवर ठेवावे. ते कुकरलाच टांगले असेल तर आग लागल्यावर त्याच्याजवळ जाणार कोण?

कुकर एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना बर्नर बंद, शटरला खिळ, झाकण आवळलेले आणि जोडणीच्या पिनेसोबत सुरक्षा साखळी, एवढे तपासून मगच ट्रक हलवू द्यावा. अर्धा भरलेला कुकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वळणावर जास्त हेलकावतो, हे चालकाला ठाऊक असते. तुम्हाला ठाऊक नसते आणि तुम्हीच त्याला घाई करता.

मालाचा हिशेब तोंडपाठ हवा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ४० मिलिमीटर खोल खड्ड्याचे घनफळ ०.०६ घनमीटर होते. मास्टिकची घनता प्रतिघनमीटर २.३ टन धरली तर साधारण १३८ किलो माल लागतो. दोन टनांचा कुकर म्हणजे असे चौदा खड्डे. पण भिंतींना आणि पात्यांना चिकटून राहणारा माल वजा करून मी तेराच धरतो. खड्डे सरळ कडांचे चौकोनी कापून, सुकवून, झाडून घेतलेले नसतील तर शटर उघडू देऊ नये. आमच्याकडे बऱ्याचदा कापणारी टोळी मागे राहते आणि कुकर वाट पाहत तापत राहतो. मग ते तापमान, तो निळा धूर, तो ठिसूळ माल. मास्टिक ओतून लाकडी थापीने सारखे केल्यावर, ते गरम असतानाच वर डांबर चोळलेली बारीक खडी दाबून बसवतात, नाहीतर पहिल्या पावसात दुचाक्या घसरतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि पहाटे चार वाजता सगळ्यांत आधी टाळले जाते. तेव्हा तुम्ही तिथे उभे असायला हवे.

नोकरीच्या दृष्टीने सांगायचे तर या कामाला फारशी प्रतिष्ठा नाही. पुलांवर किंवा मेट्रोवर काम करणारे वर्गमित्र तुम्हाला ‘खड्डेवाला’ म्हणतील. रात्रपाळी, पावसाळ्यात सुट्टी नाही, कपड्यांचा वास जात नाही, आणि ३१ मेपर्यंतची कामे संपवण्याच्या घाईत एप्रिल-मे कसे गेले ते कळत नाही. पण दोषदायित्व कालावधीत, म्हणजे बिघडलेले काम कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, खड्डा पुन्हा उखडला की सगळे नोंदवहीकडे धावतात, आणि ज्याच्या वहीत प्रत्येक खड्ड्यासमोर वेळ, तापमान आणि घाण्याचा क्रमांक आहे त्याच्या शब्दाला वजन येते. माझी दुसरी बढती अशाच एका वहीमुळे झाली. आयटीआय झालेल्यांनी डिझेल मेकॅनिकचे काम येत असेल तर ते ठळकपणे सांगावे. बर्नरचे नोझल साइटवरच साफ करून पुन्हा बसवणारा माणूस कोणताही कंत्राटदार सहजासहजी सोडत नाही.

पहाटे रस्ता सोडायच्या आधी एक काम उरते, आणि माझी ती साखळी तुटली ती हे काम न केल्यामुळेच. उरलेला माल कुकरमध्ये ठेवायचा नाही. तो भुकटी भुरभुरलेल्या पत्र्याच्या साच्यांत ओतून त्याच्या लाद्या पाडायच्या, शटर गरम असतानाच खरवडून मोकळे करायचे आणि पाती रिकाम्या पिंपात दोन मिनिटे फिरू द्यायची. या लाद्या दुसऱ्या संध्याकाळी फोडून पुन्हा घालता येतात. फक्त किमान एक तास ढवळून त्या पूर्ण एकजीव होऊ द्याव्या लागतात. आमचे ऑपरेटर प्रत्येक लादीवर खिळ्याने तारीख कोरतात. दोन दिवसांपेक्षा जुनी तारीख दिसली, की ते ती लादी बाजूला काढतात आणि माझ्याकडे बघतात. मी वही उघडून त्या रात्रीचे तापमान वाचून दाखवतो आणि मग ती घालायची की नाही हे आम्ही दोघे मिळून ठरवतो.