कराराच्या लग्नावर रोमँटिक कॉमेडी लिहिताय? या चुका टाळा

दोन अनोळखी माणसं ठरावीक मुदतीसाठी लग्न करतात, एका घरात राहतात आणि मुदत संपायच्या आत एकमेकांच्या प्रेमात पडतात. शेवट प्रेक्षकाला पोस्टर बघूनच कळलेला असतो. तरीही मला हा प्रकार मनापासून आवडतो. मात्र अशी पटकथा फसते तेव्हा आपण प्रेमाचे प्रसंग घासूनपुसून नीट करत बसतो, आणि दोष बहुतेक वेळा करारातच असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गरज कच्ची ठेवणं. ‘आजोबांची शेवटची इच्छा’ एवढ्यावर दोन तास निघत नाहीत. १९९० सालचा ‘ग्रीन कार्ड’ हा इंग्रजी चित्रपट बघा. त्यातल्या नायकाला अमेरिकेत राहायची परवानगी हवी आहे. नायिकेला झाडांसाठी काचघर असलेली जागा हवी आहे आणि ती जोडप्यालाच मिळणार आहे. दोघांच्या गरजा वेगळ्या, त्यामुळे कुणाचे कुणावर उपकार नाहीत. त्यात अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने अशा खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. म्हणून अधिकाऱ्यांच्या चौकशीच्या धास्तीने ती कोणती क्रीम लावते हे तो पाठ करतो, तेव्हा आपण हसतो आणि आपल्या पोटात गोळाही येतो. आपली गोष्ट तपासताना एवढंच विचारा: या दोघांनी आज खरं सांगून टाकलं तर काय बिघडेल? ‘थोडी लाज वाटेल’ असं उत्तर आलं, तर मध्यंतरापर्यंत पोचणंही कठीण आहे.

दुसरी चूक कलमांची. ‘प्रेमात पडायचं नाही’ हे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असतं आणि तेच सगळ्यात निकामी. ते मनातल्या मनात मोडतं, कॅमेऱ्याला दिसतच नाही. त्यापेक्षा ‘आजारपण ज्याचं त्यानं बघायचं’ असं लिहा. मग एका रात्री तिला ताप चढतो आणि तो थर्मामीटर घेऊन दाराबाहेर घुटमळतो. कलम मोडलं, संवादाची गरजही पडली नाही. २०२२ च्या ‘लव्ह इन कॉन्ट्रॅक्ट’ या कोरियन मालिकेत नायिका सोमवार-बुधवार-शुक्रवार एकाची बायको आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार दुसऱ्याची. नुसतं वेळापत्रक वाचलं तरी पुढचे गोंधळ दिसायला लागतात.

पैशांचा विषय मध्येच सोडून देऊ नका. प्रेम जमलं की मोबदल्याचं नावही निघत नाही, आणि हे मला फार खटकतं. ‘निगेरू वा हाजी दा गा याकु नि तात्सु’ या २०१६ च्या जपानी मालिकेत नायिका पगारी बायको असते. पुढे नायक खरं लग्न करू म्हणतो, तेव्हा त्यात किती पैसे वाचतील याचा हिशेबच तिच्यापुढे मांडतो. तिला ते लागतं. प्रेम आहे म्हणून काम फुकट करायचं का, हा तिचा सवाल बिनतोड आहे. या एका प्रसंगात दोघांचं नातं जेवढं पुढे सरकतं, तेवढं पावसातल्या दहा मिठ्यांनी सरकणार नाही.

लिहिताना मध्यावर गाडी अडली, की जुनी प्रेयसी आणायचा मोह होतो. आणू नका. त्याऐवजी गरजच वेळेआधी पूर्ण करून बघा. परवाना मिळाला, जागा नावावर झाली, आता एकत्र राहायचं कारण उरलं नाही. तरी दोघंही विषय काढत नाहीत, रोज नवी सबब शोधतात. कॉमेडी इथे आपोआप सापडते.

एकजण दुसऱ्यापेक्षा फारच श्रीमंत किंवा त्याचा साहेब असेल, तर नकार देणं त्या दुसऱ्याला खरोखर शक्य आहे हे आधीच दाखवा. नाहीतर प्रेक्षक हसणार नाही.

शेवटी करार फाडायचा प्रसंग लिहिला असेल, तर तो काढून पुन्हा वाचा. कागद फाडला काय, मुदत संपून आपोआप बाद झाला काय, दोघांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. कोणत्या खोलीत झोपायचं, खर्च कसा वाटायचा, घरच्यांना काय सांगायचं, हे आजवर कलमांनी ठरवलेलं होतं. शेवटच्या प्रसंगात यातलं निदान एक तरी त्यांना एकमेकांना विचारू द्या.