आत्या गेली. आता तिची आठवण जपायची कशी, त्याबद्दल थोडं कामाचं

घरातलं म्हातारं माणूस गेलं की पहिले दिवस कसे जातात कळतच नाही. आमच्या पुण्यात वैकुंठ स्मशानभूमी, मग मृत्यूच्या दाखल्याची धावपळ, ओंकारेश्वराला दहावा, येणारेजाणारे, सारखा चहा, आणि तेराव्याचं गोडाचं जेवण झालं की सगळे आपापल्या गावी आणि घर एकदम रिकामं. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, चला सगळे आहोत तोवर कपाट आवरून टाकू. माझी पहिली विनंती हीच आहे की नका आवरू, निदान लगेच तरी नका. एक खोली किंवा एक कपाट कुलूप लावून ठेवा, भाड्याचं घर असेल तर खोकी भरा पण त्यातलं काही टाकू नका. कारण जे आत्ता कचरा वाटतंय ना, चिठ्ठ्या, जुनी बिलं, औषधाच्या डब्यात ठेवलेली बटणं, त्यातच ती सगळ्यात जास्त असते.

मी हे माझ्या आत्याबद्दल लिहितेय. तिला मूल नव्हतं, काका लवकर गेले, टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी करून तिनं आम्हा सगळ्या भाचरांना वाढवलं म्हटलं तरी चालेल. ती गेल्यावर भेटायला आलेले सगळे म्हणत होते फार प्रेमळ होत्या हो, फार कष्टाळू होत्या. खरंच होती, पण हे तर कुणाच्याही आत्याबद्दल, आजीबद्दल म्हणता येतं. माझी आत्या म्हणजे घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालणारी, दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीच्या गजाला उलट्या वाळत घालणारी, आणि "बघू गं" म्हणाली की समजायचं काम झालं. आठवण जपायची म्हणजे या असल्या बारीक गोष्टी जपायच्या असं माझं स्पष्ट मत आहे, कारण प्रेमळपणा लक्षात राहतोच पण घड्याळ कुठल्या बाजूला होतं हे दोन वर्षांत विसरायला होतं.

सगळ्यात आधी वही

अप्पा बळवंत चौकातून एक जाड दोनशे पानी वही आणा आणि तेराव्याला जमलेल्या माणसांत फिरवा. "आठवणी लिहा" असं मोघम सांगितलं तर सगळे "तुमच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली" असंच लिहितात, त्यांचा दोष नाही, सुचत नाही अशा वेळी. म्हणून प्रत्येक पानावर वर एक प्रश्न आधीच लिहून ठेवा. चहा कसा घ्यायची? कुणावर चिडायची आणि चिडली की काय म्हणायची? तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारायची? तिच्याकडून काय शिकलात? शेवटचं बोलणं काय झालं? ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं फोनवर रेकॉर्ड करा, नंतर उतरवता येतं.

आणि फक्त नातेवाईकांना विचारू नका प्लीज. तिच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या मावशी, मंडईतली ठरलेली भाजीवाली, खालचा किराणावाला, तिच्या भिशीतल्या बायका, यांना तिची अशी बाजू माहीत असते जी आपल्याला कधी दिसलेलीच नसते. आत्याकडच्या मावशींनी सांगितलं की दर वर्षी जूनमध्ये त्यांच्या मुलीची वह्या-पुस्तकं आत्याच घ्यायची, घरात एकालाही हे माहीत नव्हतं.

वहीच्या पहिल्या पानावर तिची साधी माहिती लिहा: पूर्ण नाव, माहेरचं नाव, जन्म कुठे, शाळा कुठली, लग्न कधी, कुठल्या कुठल्या घरात राहिली. माहेरचं नाव हमखास हरवतं, त्या पिढीत लग्नात बऱ्याच जणींचं पाळण्यातलं नावही बदललं, त्यामुळे नातवंडांना आजी जन्मली तेव्हा तिचं नाव काय होतं हेच ठाऊक नसतं. कुणालाच आठवत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला शोधा, त्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख दोन्ही असतं. दाखला नसेल तर शाळेत जाऊन अर्ज करून बघा, पुण्यात हुजूरपागा १८८४ पासून आहे, सेवासदन १९०९ पासून, आणि जुन्या शाळांची रजिस्टरं पुष्कळदा जपून ठेवलेली असतात.

फोन बंद करायची घाई नको

हे खरं तर वहीच्याही आधी करायला हवं. नंबर बंद केला, किंवा रिचार्जच केला नाही तर काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, आणि व्हॉट्सअप साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर अकाउंट डिलीट करतं. म्हणून किमान वर्षभर छोटा रिचार्ज मारत राहा, बँकेचे ओटीपी वगैरे साठी पण ते लागतंच. तेवढ्यात तिचे व्हॉइस मेसेज काढून घ्या. तिच्या फोनमधून तर घ्याच पण आपल्या चॅटमधूनही, कारण तिनं पाठवलेला आवाज आपल्याच फोनवर आलेला असतो. प्रत्येक मेसेज स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि फाइलला नाव द्या, नुसते आकडे ठेवले तर पुढे एकही सापडणार नाही. माझ्याकडे "आत्या, कोथिंबीर आणायला सांगतेय" अशी एक फाइल आहे, अकरा सेकंदांची असेल नसेल, मागे कुकरची शिट्टी पण ऐकू येते आणि शेवटी "ठेवू का मग? ठेवते" आहे. लग्नाच्या व्हिडिओत ती आहे खरी पण तिथे ती नटून गप्प बसलीये, या अकरा सेकंदांत ती अख्खी आहे. हे सगळं दोन जागी ठेवा, एक पेन ड्राइव्ह आणि एक क्लाउड, आणि भावंडांपैकी अजून कुणाला तरी कॉपी देऊन ठेवा.

फोटो

जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखानं ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा बारीक दोरा, फ्लॉस, फोटोच्या मागून हळूहळू पुढेमागे करत सरकवला तर बहुतेक निघतात. नाहीच निघाला तर अख्खं पानच स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा म्हणजे मोठा प्रिंट काढता येतो. मागे बॉलपेननं लिहू नका, पुढे उमटतं, मऊ पेन्सिलनं हलकं लिहा, आणि गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. कोण कोण आहे, कुठे, साधारण कधी. आणि हे घरातल्या उरलेल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसून करा, ही गोष्ट खरंच उद्यावर टाकू नका.

पेठांमधल्या जुन्या घरांत एक अडचण हमखास येते, १९६१ च्या आधीचे फोटोच नसतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी घुसलं तेव्हा ट्रंकाच्या ट्रंका गेल्या. आमचा नारायण पेठेतला वाडा त्यातलाच. अशा वेळी फोटो पुण्यात शोधत बसू नका, गावाबाहेरच्या नातेवाईकांना विचारा, कारण तेव्हा फोटो काढला की एक प्रत पोस्टानं पाठवायची पद्धत होती. आत्याचा दोन वेण्यांमधला एकमेव फोटो आम्हाला साताऱ्याला तिच्या चुलतभावाकडे मिळाला.

भांड्यांवरची नावं वाचा

मला स्वतःला या कामात सगळ्यात जास्त आनंद मिळाला. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, कुणी दिलं, कशाबद्दल दिलं, तारीख. घासून घासून अक्षरं पुसट होतात. खोलीत अंधार करा, फोनचा टॉर्च भांड्याला अगदी चिकटवून आडवा धरा म्हणजे टिंबाटिंबांची सावली पडते आणि अक्षरं वर येतात, तरी नाही दिसलं तर थोडी तांदळाची पिठी चोळून फुंकर मारा, खाचांत पांढरं राहतं. लगेच फोटो काढा. अशीच आत्याच्या एका पितळी डब्याच्या तळाशी तिच्या आईचं नाव आणि सासरचं गाव निघालं, म्हणजे तो डबा तिच्या आधी माझ्या आजीचा. असं एकेक भांडं वाचत गेलात तर घराचा अर्धा इतिहास मांडणीवरच मिळतो. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालू नका, कसबा पेठेत तांबट आळीत चौकशी करून कल्हई करून घ्या आणि वापरा.

याच्या आधी जमलं तर बाजीराव रस्त्याजवळचं राजा केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी ते त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं केलं, आणि तिथे दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या अशा घरगुती वस्तू किती मानानं मांडल्यात ते बघितलं की आपल्या घरची सांडशी आणि खलबत्ता भंगारात द्यायला हात होत नाही.

हिशेबाच्या वह्या आणि जुनी कालनिर्णयं पण ठेवा, सगळी नाही तर काही पानं तरी. दुधाचे खाडे, "सिलिंडर लावला", "मंदाकडे हळदीकुंकू", "दाढ काढली". तिचं अक्षर आणि तिचे रोजचे दिवस, दोन्ही एकाच चौकोनात मिळतात.

तिच्या हातची चव

रेसिपी लिहिलेली नसतेच, असली तरी त्यात "अंदाजे" आणि "लागेल तसं" एवढंच असतं. इथे एक गोष्ट करा, तिची मापाची वाटी शोधा. आत्याची गोड्या मसाल्याची वाटी ठरलेली होती, कडेला एक पोचा आलेली स्टीलची. त्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ते औषधाच्या मापानं मोजा आणि लिहून ठेवा, वाटी हरवली तरी माप राहतं. मग तिच्या बरोबर मसाला केलेलं कुणीतरी शोधा, जाऊ, शेजारीण, कामाच्या मावशी, आणि त्यांना बसवून एकदा करून घ्या. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, शहाजिरं हे सगळ्यांकडे तेच, फरक पडतो काय किती भाजलं त्यात, म्हणून व्हिडिओ काढा आणि रंगावर लक्ष ठेवा. आत्या खोबरं पार तपकिरी होईपर्यंत भाजायची, तेच तिच्या आमटीचं गुपित होतं. पहिल्या वेळी चव जुळली नाही तर खट्टू होऊ नका, खाणाऱ्यांना विचारत विचारत जुळते.

पहिल्या वर्षी घरात सणाचं गोडधोड करत नाहीत, दिवाळीचा फराळ शेजारपाजारचे आणून देतात, तो मुकाट्यानं घ्या, मन लावून खा. तिच्या पद्धतीचा चिवडा दुसऱ्या वर्षी.

साड्या

थोडक्यात सांगते. वापरून मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या, सिल्कची नको, ती सरकते आणि विरते. जरीच्या साड्या प्लॅस्टिकमधून काढून मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि पावसाळा संपला की बाहेर काढून घड्या बदला. एक साडी न धुता ठेवा. का ते ज्याला कळायचं त्याला कळेल. वाटणी करताना आधी प्रत्येकाला एकच वस्तू मागायला सांगा, किमतीची नाही, आवडती, बाकीचं नंतर. भांडणं पुष्कळ कमी होतात.

तिथी, श्राद्ध आणि ज्यांना मूल नव्हतं त्यांचं काय

हा प्रश्न आमच्याकडे दबक्या आवाजात आला, की हिचं करणार कोण. तर ऐका, पितृपक्षातल्या महालय श्राद्धात फक्त आईवडील आजीआजोबाच नसतात, आत्या, मावशी, मामा, गुरू, मित्र यांचीही नावं घेतात. भाच्यानं गुरुजींना आधी सांगायचं, तिचं सासरचं नाव आणि सासरचं गोत्र लिहून द्यायचं, बस. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी असते, नक्की तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. रक्षा झाडाला घालणार असाल तर थेट मुळाशी नका घालू, ती खारट असते, रोप जळतं, भरपूर मातीत आणि शेणखतात मिसळून मग घाला.

ज्यांचा विधींवर विश्वास नाही त्यांनी त्या दिवशी तिचं एखादं काम करावं. तिच्या वाचनालयाला देणगी द्या, कुणाची तरी वर्षाची फी भरा. आम्ही भाचरं मिळून आता जूनमध्ये मावशींच्या नातवाची वह्या-पुस्तकं घेतो, आत्याचं राहिलेलं काम म्हणूनच.

आणि नवीन कालनिर्णय घरात आलं की आधी तिची तिथी शोधून गोल करा, कारण तारीख दर वर्षी बदलते आणि ऐन वेळी कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्या पानाचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाका, गुरुजींना महिनाभर आधी फोन करा, आणि गोडा मसाला उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्येच उरकून घ्या, पावसाळी हवेत मिरच्या आणि धने नीट वाळत नाहीत.