फोटो एडिटिंगसाठी कमी बजेटमध्ये मॉनिटर घेताय? या चुका टाळा

लग्नाचा अल्बम छापून येतो आणि नवरीचा चेहरा काळवंडलेला दिसतो. पडद्यावर तर सगळं लख्ख होतं. मग लॅबवाल्याशी वाद होतो, पुढच्या वेळी दुसरी लॅब गाठली जाते आणि तिथूनही तसंच छापून येतं. बहुतेक वेळा लॅबचा यात काहीच दोष नसतो. मॉनिटर खोक्यातून निघाला त्याच ब्राइटनेसवर, म्हणजे साधारण २५० ते ३०० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), एडिटिंग झालेलं असतं. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट्स पुरतात. २५०-३०० निट्सच्या उजेडात फोटो जास्तच उजळ वाटतो, म्हणून आपण एक्स्पोजर खाली ओढतो. कागदाला मागून दिवा नसतो, त्यामुळे तो फोटो काळाच छापला जातो.

हा दोष फुकटात सुटतो, कसा ते पुढे सांगतो. पण त्याआधी खरेदीतल्या चुका पाहू, कारण त्या पैसे गेल्यावर सुधारत नाहीत.

इंच मोजून घेणं

त्याच पैशात २७ इंची मिळतोय म्हणून फुल एचडी २७ इंची घेतला जातो. त्यावर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात. शंभर टक्के झूमवर पापण्या, केस भरड दिसतात आणि शार्पनिंग, नॉइज रिडक्शन दोन्ही अंदाजाने होतं. २४ इंची फुल एचडीवर ९२ पिक्सेल येतात, तो बरा. २७ इंचीच हवा असेल तर २५६० बाय १४४० घ्या, त्यावर १०९ येतात. बजेट तिथवर जात नसेल तर २४ इंचीवर थांबा.

१४४ हर्ट्झ, वक्र पडदा, ‘एचडीआर ४००’ यांचा फोटोच्या कामाला उपयोग नाही. वक्र पडद्यावर तर इमारतीच्या सरळ रेषा तपासणं अवघड होतं. विंडोजमधला एचडीआर पर्याय एडिटिंग करताना बंदच ठेवा.

पॅनेल न विचारणं

मॉनिटरच्या आतलं पॅनेल मुख्यतः तीन प्रकारचं असतं: आयपीएस, टीएन आणि व्हीए. आयपीएसच घ्या. टीएन पॅनेलवर मान जरा खालीवर केली की रंग बदलतात. व्हीएचा काळा रंग गडद असतो, त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ असतो तर आयपीएसचा १०००:१, त्यामुळे दुकानात तो डोळ्यात भरतो. पण व्हीएवर बाजूने पाहिलं की सावल्या फिकट होतात आणि समोरून त्यातला तपशील बुजतो. २७ इंची पडद्यासमोर दोन फुटांवर बसलं की कोपरे आपल्याला तिरकेच दिसतात, म्हणजे एकाच फोटोत मधली सावली वेगळी आणि कडेची वेगळी.

‘१६.७ दशलक्ष रंग’ वाचून समाधान मानणं

हा आकडा जवळपास प्रत्येक मॉनिटरवर असतो. ६ बिट पॅनेल एफआरसीच्या (दोन छटा झपाट्याने आलटूनपालटून मधली छटा भासवण्याची युक्ती) आधाराने तोच आकडा गाठतं आणि खरं ८ बिट पॅनेलही तोच दाखवतं. ६ बिट अधिक एफआरसी लगेच टाकाऊ ठरत नाही, पण संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसले तर ते फाइलमधले की पडद्याचे, हा संशय कायम राहतो. कंपनीच्या साइटवरच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘८ बिट’ स्पष्ट लिहिलंय का बघा.

त्याहून महत्त्वाचा आकडा एसआरजीबीचा, म्हणजे फोटोंसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ठरावीक रंगसंचापैकी पडदा किती दाखवतो त्याचा. इथे फसगत जास्त होते, कारण काही ठिकाणी एनटीएससीचा, म्हणजे टीव्हीसाठीच्या जुन्या रंगसंचाचा, आकडा छापलेला असतो. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे ढोबळमानाने १०० टक्के एसआरजीबी. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे जेमतेम ६० ते ६५ टक्के एसआरजीबी. स्वस्त लॅपटॉपचे पडदे बऱ्याचदा या दुसऱ्या गटातले असतात. अशा पडद्यावर पैठणीचा लाल विटकरी वाटतो, मोरपंखी मळका वाटतो. मग सॅच्युरेशन वाढवलं जातं आणि तोच फोटो चांगल्या पडद्यावर भडक दिसतो. ‘१२० टक्के एसआरजीबी’ वाचूनही हुरळू नका. तो आकडा व्हॉल्यूमचा, म्हणजे रंगांच्या एकूण पसाऱ्याचा, असू शकतो. तुम्हाला हवं ते कव्हरेज, म्हणजे एसआरजीबीतले किती रंग दिसतात ते, आणि ते ९९ ते १०० टक्के हवं.

उलट टोकाची चूक म्हणजे डीसीआय-पी३ (एसआरजीबीपेक्षा मोठा रंगसंच) वाला वाइड गॅमट मॉनिटर घ्यायचा आणि प्रोफाइल (पडदा रंग कसे दाखवतो ते ॲपला सांगणारी फाइल) लावायचंच नाही. रंग व्यवस्थापन न करणाऱ्या ॲपमध्ये त्यावर सगळंच भडक दिसतं, म्हणून तुम्ही रंग कमी करता आणि ग्राहकाला फोटो फिका जातो. असा मॉनिटर घेणार असाल तर त्यात एसआरजीबी मोड आहे का आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस कमीजास्त करता येतो का, हे दोन्ही विचारा. काही मॉनिटर या मोडमध्ये ब्राइटनेस कुलूपबंद करतात.

उदाहरणादाखल, असूस प्रोआर्टचे पीए२४८क्यूव्ही (२४.१ इंच, १९२० बाय १२००) आणि पीए२७८क्यूव्ही (२७ इंच, २५६० बाय १४४०) हे दोन्ही आयपीएस आहेत, १०० टक्के एसआरजीबी आणि डेल्टा ई (रंगातल्या चुकीचं माप) २ पेक्षा कमी असल्याचं कंपनी सांगते आणि स्टँडची उंची बदलता येते. दुसरा कुठलाही मॉनिटर याच मोजपट्टीवर जोखा.

डेमो पीसवर भुलणं

पुण्यात टिळक रोडवर दुकानं फिरून मॉनिटर बघणार असाल तर पेन ड्राइव्ह सोबत न्या. डेमो पीस बहुधा भडक मोडवर लावलेला असतो, म्हणून आधी मेनूतून रीसेट करायला सांगा. मग स्वतःचे फोटो लावा. विसर्जन मिरवणुकीतला ढोलपथकाचा रात्रीचा एखादा फोटो यासाठी फार उपयोगी. पांढऱ्या झब्ब्यांच्या चुण्या दिसतात का, भगव्या ध्वजाच्या घड्या वेगवेगळ्या कळतात की सपाट केशरी डाग होतो, ढोलांमधल्या अंधारात काही उरतं का, हे एकाच फोटोत कळतं. नंतर तोच फोटो डावीउजवीकडून, उभं राहून, वाकून बघा.

घरी आणल्यावर सेटिंग तसंच ठेवणं

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच सेटिंगला हात घाला. मेनूत एसआरजीबी किंवा कस्टम मोड निवडा. कस्टममध्ये गॅमा २.२ आणि रंगतापमान ६५०० केल्विन ठेवा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको आणि लो ब्लू लाइट बंद करा. विंडोजचा नाइट लाइटही बंद करा. वेळ लावून ठेवली असेल तर संध्याकाळी तो आपोआप सुरू होतो, पडदा पिवळसर होतो, आपण तो पिवळेपणा काढायला जातो आणि मग फोटोतले त्वचेचे रंग निळसर होऊन बसतात.

आता ब्राइटनेस. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. ज्या दिव्यात रोज काम करता तो लावा आणि पडद्याशेजारी कोरा ए४ कागद धरा. पडद्यावरचं पांढरं कागदाइतकंच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करत न्या. आकडा २०-३५ च्या आसपास येऊ शकतो. पहिले दोन दिवस पडदा मंद वाटेल, नंतर डोळा सरावतो. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी पडदा ओढा, नाहीतर हा सगळा खटाटोप वाया.

फोटो धुरकट किंवा सावल्या ठार काळ्या दिसत असतील तर एचडीएमआयची रेंज, म्हणजे केबलमधून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची किती मूल्यं जातात ते, तपासा. फोटोशॉपमध्ये काळ्या (०,०,०) पार्श्वभूमीवर ५, १० आणि १५ मूल्यांचे चौकोन काढा. १० आणि १५ चे दिसायलाच हवेत. ग्राफिक्स कार्ड मर्यादित रेंज पाठवत असेल आणि मॉनिटर पूर्ण रेंज धरत असेल तर काळा राखाडी होतो. उलट असेल तर सावल्या बुजतात. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करा. शक्य असेल तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. व्हीजीए केबल वापरूच नका.

दुसऱ्याचं प्रोफाइल उतरवून घेणं

एकाच मॉडेलचे दोन मॉनिटरही अगदी सारखे नसतात, त्यामुळे इंटरनेटवरून घेतलेलं आयसीसी प्रोफाइल फायद्यापेक्षा तोटाच करू शकतं. कलरिमीटर (पडद्याचे रंग मोजून प्रोफाइल बनवायला लागणारं यंत्र) स्वस्त नाही, पण तीन-चार जणांनी मिळून एक घेतला तरी भागतं, कारण तो महिन्यातून एकदाच लागतो. एक लक्षात ठेवा: पॅनेलला जो रंग दाखवताच येत नाही तो कलरिमीटर आणून देत नाही. ४५ टक्के एनटीएससीचा पडदा कॅलिब्रेट करूनही तेवढाच राहतो.

चाळीस पानी अल्बम पाठवण्याआधी एक ८ बाय १२ चा नमुना छापून घ्या आणि तो त्याच दिव्यात पडद्याशेजारी धरा. लॅबकडे त्यांचं आयसीसी प्रोफाइल मागा. ते मिळालं तर लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये ‘एस’ दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे फोटो छापल्यावर कसा दिसेल त्याची झलक, बघता येतं.

मॉनिटर आल्या दिवशीच लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच पूर्ण पडदे लावून मेलेले पिक्सेल शोधा. काळा पडदा खोलीत अंधार करून बघा, कोपऱ्यातून गळणारा उजेड तेव्हाच दिसतो. बदलून मिळण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून ती संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल फेकू नका. जीएसटीचं बिल मात्र वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.