दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करताय? या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी येतात, आरती झाली की पडवीत बसून ठरतं: वाचनालय काढायचं. नोंदणीला वेळ लागणार, तोवर ओळखीच्या जुन्या संस्थेच्या नावाखाली चालवू. वाट चुकीची नाही. घोळ होतो तो पुढच्या आठ दिवसांतल्या घाईत.

ग्रुपवर क्यूआर कोड पडतो तो एखाद्या हौशी कार्यकर्त्याच्या बचत खात्याचा. साठ जणांचे पैसे तिथे जमतात, मग तो एकरकमी मातृसंस्थेला, म्हणजे त्या जुन्या संस्थेला, वळते करतो. आता संस्थेच्या दप्तरी देणगीदार एकच, तो कार्यकर्ता. बाकीचे 80जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती मागत बसतात आणि संस्था ती देऊ शकत नाही. पैसे थेट मातृसंस्थेच्या खात्यात, तुमच्या कामाचं वेगळं खातेपान, पावतीवर दात्याचा पॅन. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हे आधीच सांगून टाका.

दुबई-कुवेतच्या देणग्यांना उगाच घाबरू नका. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला हवी. पासपोर्ट परदेशी असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं ओसीआय कार्ड असलं तरी, मातृसंस्थेला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घेण्याचा परवाना, लागतो. तो असला तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर हा पैसा तिने स्वतःच खर्च करायचा, तुमच्या नव्या संस्थेकडे वळवायचा नाही.

सगळ्यात वाईट घोळ जागेचा. कुणीतरी मोठ्या मनाने बिनशेती केलेले पाच गुंठे देतो. बक्षीसपत्र मातृसंस्थेच्या नावे, सातबाऱ्यावर तिचं नाव, नारळ फुटतो. तीन वर्षांनी तुमचा ट्रस्ट नोंदला जातो आणि सगळे म्हणतात, आता जागा आपल्या नावावर करून घेऊ. तशी होत नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला किंवा बक्षीस द्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. इमारतीचा तीन वर्षांवरचा भाडेपट्टाही त्यातच आला. मंजुरी देताना हित बघतात ते मातृसंस्थेचं. वर्गणी कुणी काढली, चिरे कुणी वाहिले, हे तिथे कामाचं नाही. तोवर विश्वस्त बदललेले, दाता वारलेला, आणि त्याचे मुलगे ‘बाबांनी तुम्हाला दिली होती, त्यांना नाही’ म्हणत दारात. म्हणून छत्राखाली असेपर्यंत जागा बक्षीस घ्यायचीच नाही. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करा, पत्र्याच्या शेडवर भागवा. दात्याचं मन बदलेल ही भीती असेल तर आधी ट्रस्ट नोंदवा. दुसरा जवळचा रस्ता नाही.

मातृसंस्था निवडताना नाव मोठं की लहान ते बघू नका, शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीचा, उतारा मागा. त्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतील तर विश्वस्त बदलल्याचे फेरफार अर्ज तुंबलेत. ते 90 दिवसांत द्यायचे असतात. अशा संस्थेत बँकेतली सही बदलायची म्हटलं की काम अडतं.

मातृसंस्थेचे उद्देश वाचा. घटनेत फक्त शिक्षण असेल तर किनाऱ्यावर कासवाची अंडी राखण्याचा खर्च हिशेब तपासनीस लाल शाईने दाखवणार.

सह्या करणारे दादरला आणि काम गुहागरला असेल तर किरकोळ खर्चासाठी ठरावीक आगाऊ उचल मागून घ्या. एका माणसाला एका दिवसात 10,000 वर रोख देऊ नका.

मातृसंस्था व्यवस्थापनासाठी कापते तो टक्का जमा रकमेवर की खर्चावर, ते लिहून घ्या. तोंडी ठरलेला टक्का दुसऱ्या वर्षी वाढतो.

आणि करारात वेगळं होण्याचं कलम पहिल्याच दिवशी हवं: शिल्लक, कपाटं, संगणक, नाव कुणाचं. ‘आपलीच माणसं, कशाला कागद’ म्हणणारेच पुढे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. शिल्लक तुमच्या ट्रस्टला देणगी म्हणून दिली तर 2023-24 पासून मातृसंस्थेच्या हिशेबात तिच्यातली 85 टक्केच खर्च धरली जाते. त्यामुळे निघण्याआधी पुस्तकांची, रॅकची बिलं त्याच खात्यातून भागवा आणि उरेल तेवढंच मागा.