जाम आणि सागवानाचा ताण उपग्रहावरून कसा ओळखावा

आश्विनात माळव्याचं आभाळ निवळलं की उपग्रहाची चित्रं कामाची होतात. पावसाळ्यात निम्म्या वेळा नुसते ढगच दिसतात. महू, सिमरोल, चोरलकडे सागवान किंवा पेरू (आपला जाम) लावून स्वतः इंदुरात राहणाऱ्यांनी ऑक्टोबरपासूनच बघायला लागावं.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१७ पासून साधारण दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर त्यांची चित्रं फुकट मिळतात. बहुतेक जण ‘एनडीव्हीआय’चा, म्हणजे हिरवाई मोजणाऱ्या थराचा, हिरवा रंग बघून निश्चिंत होतात. पण पानातलं पाणी आधी कमी होतं, रंग मागाहून उतरतो. म्हणून ‘मॉइश्चर इंडेक्स’चा, म्हणजे पानातला ओलावा दाखवणारा, थर लावा. त्याचा एक चौकोन २० मीटरचा, म्हणजे ६ × ६ मीटरवर लावलेली दहा-अकरा झाडं आणि मधलं गवतसुद्धा. एकेका झाडाचा निवाडा त्यावरून करू नका, आणि बांधावरचे चौकोन सोडूनच द्या.

तुलना मागच्या आठवड्याशी नको, मागच्या तीन-चार वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी करा. सागवान उन्हाळ्यापर्यंत पानं टाकतोच, तो दुष्काळ नव्हे. पानगळ दरवर्षीपेक्षा दोन-तीन आठवडे आधी लागली तर मात्र जमिनीतली ओल लवकर संपतेय असं समजा, आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) वेळेआधी साफ करून घ्या. जामाचंही तसंच. मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी) एप्रिल-मेमध्ये आपणच पाणी तोडतो. तेव्हा आकडा पडला म्हणून घाबरून पाणी सोडलंत तर बहार गेला!

डागाचा आकार बघा. ठिबकच्या एका व्हॉल्व्हचाच भाग सुकलेला दिसतोय? फिल्टर, लॅटरल (झाडांच्या ओळीतल्या नळ्या) तपासा. वेडावाकडा डाग दरवर्षी त्याच जागी येत असेल तर तिथं बहुधा मुरूम वर आलाय; त्या भागाला पाणी थोडं थोडं पण लवकर लवकर द्या. सगळाच प्लॉट उतरला तर विहिरीची पातळी मोजून पाळ्या नव्याने बसवा.

शेवटी डागावर जाऊन वीतभर खणायचंच. काळ्या मातीचा मुठीत लाडू वळला आणि तरी झाड मलूल असेल, तर पाणी वाढवू नका. मर रोगाची (झाड वाळवणाऱ्या बुरशीची) शंका घ्या, फांदी आणि मुळं कापून बघा. तहान आणि मर, उपग्रहाला दोन्ही सारखेच दिसतात.