‘बूगी मॅन’ दाखवण्याआधी

अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचा प्रचारतज्ज्ञ ली ॲटवॉटर, त्याच्यावरचा ‘बूगी मॅन’ हा माहितीपट आमच्या गटात पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी काहीच तयारी केली नव्हती. दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली ती त्याच्या गिटारवर. काय वाजवायचा, किती उमदा होता, चाळिशीत गेला बिचारा. ज्याच्याविरुद्ध त्याने प्रचार चालवला, त्या डुकाकिसचं नाव निघायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मला आजही सलतो, म्हणून दुसऱ्या वेळी नीट तयारी केली. तुम्ही चार माणसं जमवून हा माहितीपट दाखवणार असाल, तर तुमच्यासाठी ती इथे लिहितो.

आधी १९८८ सालची अमेरिकेची निवडणूक स्वतः समजून घ्या आणि पाच मिनिटांत सांगता येईल इतकी सोपी करा. रिपब्लिकन पक्षाचे थोरले जॉर्ज बुश, डेमोक्रॅटिक पक्षाचे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकल डुकाकिस, आणि बुश यांच्या प्रचाराची सूत्रं ॲटवॉटरकडे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या जुलैच्या अधिवेशनानंतर एका जनमत चाचणीत डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरात बुश यांनी ४० राज्यं जिंकली. हे दोन आकडे फळ्यावर मोठे लिहून ठेवा. मधल्या चार महिन्यांत काय झालं, हा प्रश्न प्रेक्षकांच्या मनात आपोआप उभा राहतो.

मग डुकाकिसविरुद्धची ती तीस सेकंदांची जाहिरात मिळवून ठेवा. माहितीपटाच्या आधी दोनदा दाखवा, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून. विली हॉर्टनचा पोलिसांनी काढलेला काळापांढरा फोटो पडद्यावर येतो, त्यावर एकेक शब्द उमटतो: अपहरण, भोसकणं, बलात्कार. आवाज नसताना चेहराच काम करत असतो, ते लख्ख दिसतं. हा माणूस डुकाकिसच्या मॅसॅच्युसेट्समध्ये खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता. १९८६ मध्ये तुरुंगातून सुट्टीवर सोडला तो परतलाच नाही, आणि १९८७ मध्ये मेरीलँडमध्ये त्याने एका जोडप्यावर भयंकर अत्याचार केले. हे स्पष्ट बोला. जाहिरातीवर टीका करताना त्या दोघांचं दुःख बाजूला पडता कामा नये. पण कृष्णवर्णीय गुन्हेगाराचा चेहरा गोऱ्या मतदाराच्या भीतीला जोडला गेला, हेही तितकंच खरं. स्वतः हॉर्टनने पुढे सांगितलं की आपलं नाव विल्यम, ‘विली’ म्हणून आपल्याला कुणी हाक मारत नसे.

इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून उत्तरं तयार असू द्या. ही जाहिरात बुश यांच्या अधिकृत प्रचाराची नव्हती, एका स्वतंत्र समितीची होती. अधिकृत जाहिरातीत कैदी फिरत्या दारातून आत जाऊन बाहेर येताना दिसतात, हॉर्टनचं नाव नाही. कैद्यांना सुट्टी देण्याची मॅसॅच्युसेट्सची योजना १९७२ मध्ये एका रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झाली. तिच्यातून खुन्यांना वगळणारं विधेयक १९७६ मध्ये डुकाकिस यांनी अडवलं. दोन्ही बाजू सांगितल्यात तर समोरचा तुमच्यावर विश्वास ठेवतो.

ॲटवॉटरची १९८१ ची मुलाखत मात्र वेगळी ऐकावी लागेल. माहितीपट २००८ चा, आणि या मुलाखतीची ध्वनिफीत लोकांसमोर आली २०१२ मध्ये. उघड वांशिक शिवी चालेनाशी झाली तेव्हा राज्यांचे हक्क, करकपात असे अमूर्त शब्द कसे तिच्या जागी आले, ते ॲटवॉटर तीत शांतपणे समजावून सांगतो. त्याने ती शिवी अनेकदा उच्चारली आहे. सभागृहात मुलं असतील तर फीत लावू नका, तिचा आशय तुमच्या शब्दांत सांगा.

आणखी एक जागा जपून हाताळायची आहे. १९८० मध्ये साउथ कॅरोलायनात टॉम टर्निप्सीड काँग्रेसच्या निवडणुकीला उभे होते. किशोरवयात नैराश्यासाठी त्यांना विजेचे झटके द्यावे लागले होते. विरोधी उमेदवाराच्या बाजूने काम करणाऱ्या ॲटवॉटरने पत्रकारांजवळ त्याची थट्टा केली: याला म्हणे गाडीच्या बॅटरीच्या केबल जोडल्या होत्या. तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात हे उपचार झाले असतील, ते तुम्हाला माहीत नसतं. हा प्रसंग हसून सांगू नका, आणि कुणी हसलं तर तिथेच थांबा.

शेवटाची तयारी सगळ्यात महत्त्वाची, कारण पहिल्या वेळी आम्ही तिथेच वाहून गेलो. १९९० मध्ये त्याला मेंदूची गाठ झाली, चेहरा सुजला, आणि मार्च १९९१ मध्ये तो गेला. आजारपणात त्याने टर्निप्सीडना पत्र लिहून माफी मागितली. ‘लाइफ’ मासिकात डुकाकिसबद्दलही खेद व्यक्त केला. ते वाक्य कागदावर उतरवून जवळ ठेवा आणि चर्चेत सावकाश वाचा. डुकाकिसला सोलून काढू, असं म्हटलं त्याचा खेद त्यातल्या उघड क्रौर्याबद्दल आहे. हॉर्टनला डुकाकिसचा जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, करून टाकू, असं म्हटलं त्याचा खेद मात्र वेगळा आहे: आपण वंशद्वेष्टे वाटतो, आणि तसे आपण नाही, म्हणून. दोन खेदांतला हा फरक लोकांना त्यांचा त्यांना दिसू द्या.

बायबलची गोष्ट आधी सांगून टाकू नका. आजारपणात बायबलने आधार दिला असं तो सांगत असे; माहितीपटात त्याचे एकेकाळचे सहकारी एड रोलिन्स सांगतात की त्याच्या मृत्यूनंतर आवराआवर करताना ते बायबल प्लॅस्टिकच्या वेष्टणात जसंच्या तसं सापडलं, उघडलेलंच नाही. ही एका सहकाऱ्याकडून दुसऱ्या सहकाऱ्याकडे आलेली आठवण आहे, हे चर्चेत आवर्जून सांगा. पण त्या क्षणी खोलीत जी शांतता पसरते, ती पसरू द्या.

दिवे लगेच लावू नका. दोन मिनिटं तसंच बसू द्या, मग पहिला प्रश्न डुकाकिसबद्दल विचारा. चहा चर्चेनंतर ठेवा. आधी ठेवलात तर माणसं कप घेऊन दाराशी उभी राहतात, आणि बोलणं पुन्हा गिटारवर जातं.